तोट्यातली गुंतवणूक : झेंग मानचिंग यांचे जीवन आणि मोकळ्या हवेतील ताई ची



पहाटेच्या वेळी आपण कधी शांघाय, बीजिंग किंवा तैपेईमधील एखाद्या बागेत गेलात, तर एक दृश्य हमखास दिसेल. झाडांखाली दहा-वीस माणसे उभी असतात. त्यांत बहुतेक आजी-आजोबा असतात. कोणाच्याही तोंडून शब्द निघत नाही. सगळ्यांचे हात एकाच वेळी सावकाश वर येतात, तितक्याच सावकाश खाली जातात. एक पाऊल पुढे पडते, पण त्यावर भार जायला दोन-तीन श्वास लागतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, ही माणसे पाण्याखाली चालत आहेत.

हा आहे ताई ची. मुळात ही लढण्याची कला. आज मात्र जगभर लाखो माणसे ती आरोग्यासाठी करतात. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला.

ही कला ज्यांनी चीनबाहेर पाश्चात्य जगापर्यंत नेली, त्यांमध्ये एक नाव फार आदराने घेतले जाते. ते म्हणजे झेंग मानचिंग. ते चित्रकार होते, कवी होते, सुलेखनकार होते, वैद्य होते आणि ताई चीचे आचार्य होते. या पाच गोष्टींतील प्रावीण्यामुळे लोक त्यांना पाच कलांचे निष्णात म्हणत. पण आज आपण त्यांच्या मोठेपणाबद्दल कमी आणि त्यांच्या अशक्तपणाबद्दल जास्त बोलणार आहोत. कारण हा माणूस ताई चीकडे बलवान म्हणून गेला नाही. तो खोकल्यातून रक्त पडत असताना गेला.

डोक्याला झालेली जखम आणि शाईची वडी

झेंग मानचिंग यांचा जन्म १९०२ साली चीनच्या झेजियांग प्रांतात, वेनझोऊजवळ झाला. वडील लवकर गेले. घरची परिस्थिती बेताची होती. आईने मुलाला जुन्या कविता आणि अभिजात ग्रंथ तोंडपाठ करून घेतले. मावशी चित्रकार होती आणि फुलांच्या चित्रांसाठी ती पुढे नावाजली.

मानचिंग नऊ-दहा वर्षांचे असताना एक अपघात घडला. डोक्यावर वीट पडून ते बेशुद्ध झाले. शुद्धीवर यायला बरेच दिवस लागले. जीव वाचला, पण पूर्वीसारखी स्मरणशक्ती राहिली नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. डोक्यावर ताण नको म्हणून त्यांना एका चित्रकाराकडे पाठवले गेले. तिथे त्यांचे काम एकच होते. शाईची वडी दगडावर पाणी घालून घासायची आणि गुरूंना शाई तयार करून द्यायची.

वाचकहो, इथे थोडे थांबून विचार करा. ज्या मुलाला सगळे काही भरभर येत होते, त्याला आता तासन्‌तास एकच संथ, गोल हालचाल करायची होती. घाई केली तर शाई खरबरीत होते. जोर लावला तर वडी तुटते. पुढे आयुष्यभर ज्या गोष्टीचा त्यांनी अभ्यास केला, तिचा पहिला धडा कदाचित इथेच मिळाला असावा. पाहता पाहता या मुलाच्या हातात कुंचला आला आणि किशोरवयातच तो चित्रे विकून घराला हातभार लावू लागला.

यश आले, शरीर हरले

विशीच्या आसपास मानचिंग बीजिंगला गेले आणि तिथे कविता शिकवू लागले. पुढे शांघायला आले. पंचविशीच्या आतबाहेर असतानाच ते तिथल्या एका नामांकित कला महाविद्यालयात चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. तरुण वयात मोठे पद, विद्वानांची सोबत, चित्रांना मागणी. बाहेरून पाहणाऱ्याला या आयुष्यात काहीच कमी दिसले नसते.

पण शरीर साथ देत नव्हते. बीजिंगमध्ये असतानाच एका सहकाऱ्याने त्यांची प्रकृती पाहून ताई ची शिकण्याचा आग्रह केला होता. त्यांनी सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत सोडून दिली. कारण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. काम होते, वेळ नव्हता, आणि थोडे बरे वाटले की गरजही वाटत नव्हती.

१९३० च्या सुमारास शांघायमध्ये एका नव्या कलासंस्थेच्या उभारणीत त्यांनी स्वतःला झोकून दिले. कामाचा भार वाढला. आणि एके दिवशी खोकल्यातून रक्त पडले. क्षयरोग होता.

त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आज आपल्याला पटकन कळणार नाही. क्षयावर परिणाम करणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली प्रयोगशाळेत सापडले. त्याआधी डॉक्टरांच्या हातात विश्रांती, चांगला आहार आणि मोकळी हवा याशिवाय फारसे काही नव्हते. जगभर डोंगरावर किंवा गावाबाहेर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे बांधली जात. आपल्याकडे पाचगणीला आणि मिरजेलाही अशी आरोग्यधामे होती. रुग्णांच्या खाटा व्हरांड्यात ठेवत, म्हणजे रात्रंदिवस ताजी हवा मिळे. तरीही अनेक घरांतील तरुण माणसे या रोगाने नेली.

मानचिंग यांनी सोडून दिलेली ताई ची पुन्हा हाती धरली. या वेळी कोणी आग्रह करायची गरज पडली नाही. हळूहळू खोकला कमी झाला, ताकद परत येऊ लागली. मग मात्र त्यांनी स्वतःच्या स्वभावाला ओळखले. बरे वाटले की आपण सोडतो, हे त्यांना कळून चुकले होते. म्हणून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला, असे सांगितले जाते. सकाळचा सराव झाल्याशिवाय न्याहारी नाही आणि रात्रीचा सराव झाल्याशिवाय झोप नाही.

पहा, नियम किती साधा आहे. त्यात कोणतीही मोठी प्रतिज्ञा नाही. दोन गोष्टी आपण रोज न चुकता करतो, खातो आणि झोपतो. त्यांनी सरावाला त्या दोन गोष्टींच्या दाराशी नेऊन बसवले.

गुरूंची भेट

१९३२ च्या सुरुवातीला शांघायमधील एका स्नेह्यांच्या घरी मानचिंग यांची यांग चेंगफू यांच्याशी गाठ पडली. यांग हे ताई चीमधील सर्वांत मोठ्या घराण्यांपैकी एकाचे वारस. त्यांचे आजोबा यांग लूचान यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला बीजिंगमध्ये, थेट राजदरबारातील लोकांपर्यंत पोहोचवली होती.

नातवाने, म्हणजे चेंगफू यांनी, त्याहून वेगळे काम केले. त्यांच्या घराण्यातील हालचालींमध्ये उड्या होत्या, झटके होते, वेग होता. चेंगफू यांनी ते कमी केले आणि सगळी शैली संथ, सलग, मोठ्या व मोकळ्या हालचालींची केली. म्हाताऱ्या माणसालाही करता येईल, आजारी माणसालाही झेपेल, अशी. आज जगातील बागांमध्ये जी ताई ची दिसते, तिच्यात बहुतेक ठिकाणी याच शैलीचा हात आहे.

यांग चेंगफू अंगाने भरभक्कम आणि बोलायला मितभाषी होते. घराण्याची खास गोष्ट ते सहजासहजी सांगत नसत. असे म्हणतात की त्यांच्या पत्नी गंभीर आजारी पडल्या, तेव्हा मानचिंग यांनी आपल्या वैद्यकीच्या ज्ञानाने त्यांना बरे केले. त्यानंतर गुरूंनी शिष्याला हातचे न राखता शिकवले. १९३४ साली यांग चेंगफू यांचा ताई चीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखनातही मानचिंग यांची मदत होती.

एक गोष्ट गुरू दिवसातून अनेकदा सांगत, आणि ती म्हणजे अंग सैल सोड. मानचिंग यांना वाटे, मी सैलच तर आहे. गुरूंना मात्र त्यांच्या खांद्यात, कोपरात, कमरेत धरून ठेवलेला ताण दिसत असे.

हरण्याचा अभ्यास

ताई चीमध्ये एकट्याने करायच्या हालचालींसोबत दोघांनी मिळून करायचा एक सराव असतो. त्याला हात ढकलणे म्हणतात. दोघे समोरासमोर उभे राहतात, मनगटे एकमेकांना टेकवतात आणि समोरच्याचा तोल कुठे आहे हे स्पर्शाने ओळखायचा प्रयत्न करतात. ज्याच्या अंगात ताठरपणा आहे, त्याला ढकलणे सोपे जाते. जो मऊ आहे, त्याला पकडायला जागाच सापडत नाही.

गुरूंसमोर मानचिंग यांचे काय होत असे, हे त्यांनी लपवले नाही. ते भिंतीवर जाऊन आदळत. एकदा तर गुरूंच्या धक्क्याने शुद्ध हरपल्याचेही त्यांनी नोंदवले आहे.

या अनुभवातून त्यांनी एक शिकवण घडवली, जी पुढे त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. ती म्हणजे तोट्यात गुंतवणूक करणे. शिकणाऱ्याने हरायची तयारी ठेवावी. समोरचा ढकलतो आहे तर ढकलू द्यावे. जोर लावून उभे राहण्याचा मोह टाळावा. आज जोर लावून टिकलो तर आज जिंकू, पण मऊपणा कधीच येणार नाही. आज हरलो, पडलो, लाज वाटली, तरी शरीर काही शिकेल. हा तोटा साठत जातो आणि एके दिवशी तोच भांडवल होतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. हा लेख लिहिताना या शब्दांवर मी बराच वेळ अडखळलो. आमच्या अभ्यासात तोटा हा नेहमी टाळायचा असतो. नफा-तोटा पत्रकात तो दिसला की काय चुकले ते शोधायचे असते. पण मग लक्षात आले, की अनेक नवे व्यवसाय पहिल्या काही वर्षांत तोट्यातच चालतात. जागा, यंत्रे, माणसे, शिकणे, यांवर पैसा जातो आणि हातात काहीच येत नाही. ज्याला हा काळ सोसवत नाही, तो दुकान बंद करतो. मानचिंग हेच शरीराबद्दल आणि अहंकाराबद्दल सांगत होते.

आपण साधनेत किती वेळा दुकान बंद करतो, याचा विचार करून पहा. पहिल्या आठवड्यात गुडघे दुखतात. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी हसते. तिसऱ्या आठवड्यात वाटते, काहीच फरक पडत नाही. आणि आपण सोडून देतो. मानचिंग यांनीही पहिल्यांदा हेच केले होते.

तुटलेल्या हातांचे स्वप्न

गुरू सैल सोड म्हणत राहिले, शिष्य प्रयत्न करत राहिला. मग एका रात्री मानचिंग यांना स्वप्न पडले, की आपले दोन्ही हात खांद्यापासून तुटले आहेत. ते घाबरून जागे झाले. सकाळी सरावाला उभे राहिले आणि त्यांना जाणवले, की काहीतरी बदलले आहे. हात जणू रबरी दोरीने धडाला जोडलेल्या बाहुलीचे हात असावेत, तसे मोकळे झाले होते. वर्षानुवर्षे जे बुद्धीने समजून घेण्याचा प्रयत्न केला, ते शरीराला एका रात्रीत कळले. त्या दिवशी हात ढकलण्याच्या सरावात सोबत्यांनाही हा फरक जाणवला.

आपण या गोष्टीला चमत्कार समजू नये. त्या एका रात्रीमागे अनेक सकाळी आणि अनेक रात्रींचा सराव होता. आपला हात घट्ट आवळून ठेवायची सवय आपल्याला इतकी जुनी असते, की तो आपल्याला स्वाभाविकच वाटतो. हात तुटला, असे मनाला एकदा पटल्यावरच ती पकड सुटली.

मासा आणि पाणी

मानचिंग यांच्या शिकवणीत मोकळ्या हवेला फार महत्त्वाचे स्थान आहे, आणि ते समजून घेणे आपल्या उपयोगाचे आहे.

१९४० च्या दशकात त्यांनी ताई चीवर तेरा प्रकरणांचा एक ग्रंथ लिहिला. त्यात जमिनीवर पोहण्याची कल्पना येते. मासा पाण्यात राहतो, तसा माणूस हवेत राहतो. पण हवा दिसत नाही आणि तिचे वजन जाणवत नाही, म्हणून आपण तिला शून्य समजतो. ताई ची करताना हवा म्हणजे पाणीच आहे असे समजून हात फिरवायचे. हात पुढे नेताना समोर हवेचा किंचित विरोध आहे, हात खाली आणताना खालून आधार आहे, असे जाणवू द्यायचे.

ही कल्पना बंद खोलीत समजते, पण मोकळ्या हवेत ती अनुभवाला येते. पहाटेचा वारा तळहाताला लागतो. हात वळला की वाऱ्याचा स्पर्श मनगटावर येतो. मग हवा आहे, हे मानावे लागत नाही, ती लागतेच. श्वासही आपोआप सावकाश होतो. तोंड मिटलेले, जीभ टाळूला हलकी टेकलेली, श्वास नाकातून आणि लक्ष बेंबीच्या थोडे खाली पोटात. छाती फुगवून दीर्घ श्वास घेण्याची धडपड नाही. क्षयाने फुप्फुसे थकलेल्या माणसाने हा श्वास आपलासा केला होता, हे विसरू नका.

बाहेरच्या जमिनीचाही एक फायदा आहे. फरशी सगळीकडे सारखी असते. बागेतील माती कुठे दबते, कुठे मुळाची गाठ लागते, कुठे दव असते. पाऊल टाकण्याआधी तळवा जमिनीला विचारून घेतो. ताई चीमध्ये मांजरासारखे पाऊल टाकावे म्हणतात, ते याचसाठी. आधी टाच किंवा चवडा रिकामाच टेकवायचा, जमीन पारखायची आणि मग भार द्यायचा. एका वेळी सगळा भार एकाच पायावर असतो, दुसरा पाय मोकळा. वय वाढल्यावर माणूस पडतो तो बहुधा या मोकळ्या पायाचा भरवसा गेल्यामुळे.

सर्वांसाठी थोडक्यात

यांग चेंगफू यांची पूर्ण मालिका शंभराहून अधिक हालचालींची होती. ती शिकायला आणि करायला वेळ लागतो. १९३० च्या दशकाच्या शेवटी, जपानशी युद्ध चालू असताना, मानचिंग हुनान प्रांतात होते. तिथे थोड्या दिवसांत अनेकांना शिकवून तयार करायचे काम त्यांच्यावर आले. त्यांनी पुनरावृत्ती कमी करून ३७ हालचालींची छोटी मालिका तयार केली. ती साधारण सात ते दहा मिनिटांत पूर्ण होते.

काही परंपरावाद्यांना हे आवडले नाही. घराण्याच्या ठेव्याला कात्री लावली, असे त्यांना वाटले. पण मानचिंग यांना स्वतःचा अनुभव आठवत होता. वेळ नाही म्हणून त्यांनीही कधीकाळी सोडले होते. ज्याच्याकडे रोज दहाच मिनिटे आहेत, त्याला दहा मिनिटांचे काहीतरी दिलेच पाहिजे.

१९४९ मध्ये ते तैवानला गेले आणि तैपेईमध्ये त्यांनी ताई चीची संस्था सुरू केली. त्या काळात ते चित्रे काढत, रुग्ण तपासत, कविता लिहीत आणि शिकवत. एकाच माणसाने एवढे कसे केले, असा प्रश्न पडतो. उत्तर कदाचित त्याच शब्दात आहे. जो सैल राहून काम करतो, त्याचे बळ वाया जात नाही.

न्यूयॉर्कची खुली दारे

१९६४ मध्ये साठी ओलांडलेले मानचिंग न्यूयॉर्कला आले. तिथल्या चिनी वस्तीत त्यांनी वर्ग सुरू केला. शिकायला येणाऱ्यांत चिनी लोक होतेच, पण हळूहळू लांब केसांचे, फाटक्या कपड्यांचे अमेरिकन तरुणही येऊ लागले. व्हिएतनाम युद्धाने अस्वस्थ झालेली ती पिढी होती.

परक्यांना ही विद्या शिकवू नये, असे चिनी समाजातील काहींचे मत होते. मानचिंग यांनी ते मानले नाही. जो शिकायला येतो त्याला शिकवायचे, एवढेच त्यांचे धोरण होते. त्यांना इंग्रजी फारसे येत नव्हते. दुभाषे मधे असत. पण हात धरून खांदा सैल करायला भाषा लागत नाही. त्यांचे विद्यार्थी त्यांना प्रेमाने प्रोफेसर म्हणत. ताई चीबरोबरच तिथे सुलेखन, चित्रकला आणि चिनी तत्त्वज्ञानाचेही वर्ग चालत. १९६७ साली त्यांचे अमेरिकन शिष्य रॉबर्ट स्मिथ यांच्यासोबत त्यांनी इंग्रजीत ताई चीवर पुस्तक काढले. त्या पुस्तकातून अनेक देशांतील वाचकांना ही कला पहिल्यांदा कळली.

२६ मार्च १९७५ रोजी तैवानमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय त्र्याहत्तरच्या आसपास होते. विशीत रक्त ओकणाऱ्या एका क्षयरोग्याला आणखी चाळीसहून अधिक वर्षे मिळाली आणि ती त्याने वाटून टाकली.

एक गोष्ट स्पष्टपणे

वाचकहो, अशा कथा वाचल्यावर आपले मन पटकन एका निष्कर्षावर उडी मारते. ताई ची केली म्हणून क्षय बरा झाला, तर औषधाची काय गरज? कृपया असा अर्थ काढू नका.

मानचिंग स्वतः वैद्य होते आणि चीनमधील पारंपरिक वैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही होते. त्यांनी आयुष्यभर रुग्णांना औषधे दिली. त्यांच्या गुरूंचेही उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. यांग चेंगफू यांनी हजारो लोकांना आरोग्याची वाट दाखवली, पण ते स्वतः १९३६ साली, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी गेले. ताई ची म्हणजे दीर्घायुष्याची हमी नाही. ती एक चांगली सवय आहे.

आज क्षयावर प्रभावी औषधे आहेत. बहुतेक रुग्णांना साधारण सहा महिने नियमित औषध घ्यावे लागते, आणि आपल्या देशात सरकारी केंद्रांत ते मोफत मिळते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तर आधी डॉक्टरांकडे जा. आणि उपचार सुरू झाले की बरे वाटले म्हणून मध्येच थांबवू नका. बरे वाटले की सोडणे, हीच ती जुनी चूक. मानचिंग यांनी सरावाच्या बाबतीत ती केली आणि किंमत मोजली. औषधाच्या बाबतीत तीच चूक केली तर रोग अधिक चिवट होऊन परततो.

ताई ची कुठे उपयोगी पडते, याचा अलीकडे वैज्ञानिक अभ्यासही झाला आहे. वृद्धांच्या तोलावर आणि पडण्याच्या धोक्यावर तिचा चांगला परिणाम दिसतो. २०१२ साली पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन वेळा, २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला होता.

उद्या सकाळी

आपण इंदूरला असाल, बडोद्याला असाल, बेंगळुरूला असाल किंवा कोल्हापूरला, जवळपास एखादी बाग, मैदान किंवा निदान गच्ची असेलच. पूर्ण ताई ची जाणकार शिक्षकाकडूनच शिकावी. पण तिचे दार उद्या सकाळीही उघडता येईल.

झाडाजवळ, सपाट पण मऊ जमिनीवर उभे राहा. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर. गुडघे अगदी किंचित वाकलेले आणि पावलांच्या दिशेत. डोके वरून दोऱ्याने टांगले आहे असे समजा, म्हणजे मान आपोआप सरळ होईल. खांदे खाली सोडा. मनगट सरळ, बोटे मोकळी. आता दोन्ही हात पाण्यातून वर येत आहेत अशा रीतीने छातीपर्यंत येऊ द्या आणि तसेच खाली जाऊ द्या. मग भार हळूहळू डाव्या पायावर न्या, उजवा पूर्ण रिकामा होऊ द्या, आणि पुन्हा उलट. पाच मिनिटे पुरेत.

गुडघ्यात वेदना झाली तर कमी वाका. तोलाची शंका असेल तर भिंतीजवळ किंवा कोणाच्या सोबतीने करा. घाम आल्यावर बोचऱ्या वाऱ्यात उभे राहू नका. हवा खूप धुरकट असेल त्या दिवशी घरात खिडकीजवळ करा. हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिल्या दिवशी आपल्याला थोडे विचित्र वाटेल. शेजारून पळणारे लोक बघतील. हात ताठ राहतील, लक्ष भरकटेल, पाच मिनिटे पंचवीस वाटतील. त्या दिवशीच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला काहीच दिसणार नाही. तरी वही फेकू नका. झेंग मानचिंग यांनीही एकदा ती फेकली होती आणि पुन्हा उचलली होती. पुन्हा उचलणे महत्त्वाचे.

न्याहारीच्या आधी पाच मिनिटे. झोपण्याच्या आधी पाच मिनिटे. एवढा तोटा आपण सगळेच सोसू शकतो. उद्या पहाटे जाग आली की दार उघडा आणि बाहेर या.